उरलेले फेरे

वडिलांची बोटं संधिवाताने वाकडी झाली, तेव्हा होडी सोरखाच्या हाती आली. कोनेमाराच्या त्या किनाऱ्यावर बाईने होडी चालवणं कुणाला रुचत नसे. पण संताच्या सणाला बेटावर नेणारी दुसरी होडी नव्हती, म्हणून नाकं मुरडत का होईना, सगळे तिच्याच होडीत बसत.

एका वर्षी सणाच्या दिवशी दुपारीच वारा फिरला. पश्चिमेकडून लाटा फुगून यायला लागल्या. सोरखाने हाका मारून बेटावरच्या पडक्या चर्चमधली माणसं होडीत बसवली. फेस्टी तेवढा आला नाही.

ती धावत वर गेली. म्हातारा फेस्टी संताच्या विहिरीभोवती फेरे घालत होता. चालत नव्हे, सरपटत. अनवाणी पाय ओल्या दगडावरून घसरून घोटा टम्म सुजला होता.

"उठा! होडी खडकावर आपटतेय."

"फेरे अर्धेच झालेत, पोरी. आमच्या नातीचा, ब्रीजचा ताप हटत नाही. डॉक्टर नुसती मान हलवून गेला. अर्धवट सोडून घरी कुठल्या तोंडाने जाऊ?"

"आणि खाली बायकापोरं बसलीत त्यांचं काय?"

"त्यांना घेऊन जा. मला राहू दे."

खालून किंचाळी आली. लाट होडीत शिरली होती. माणसं टोप्यांनी पाणी उपसत होती.

"उरलेले फेरे मी घालीन," सोरखा म्हणाली.

"तू? तू तर रविवारीसुद्धा चर्चच्या भिंतीबाहेर गप्पा झोडत असतेस!"

"घालीन म्हटलं ना. शब्द देते."

फेस्टीने तिच्याकडे निरखून पाहिलं आणि फेरे मोजायला घेतलेल्यांपैकी उरलेले खडे तिच्या मुठीत ओतले. तिने त्याला पाठुंगळी घेतलं.

 वाटेत सगळ्यांचे ओठ प्रार्थना पुटपुटत हलत होते. धक्क्याजवळ लाटेने होडी आडवी केली. सोरखाने वल्हं दगडांच्या फटीत रोवून अंगाचा भार टाकला, तशी पुरुषांनी पाण्यात उड्या घेऊन होडी ओढली.

वादळ काही दिवस घोंघावत राहिलं. त्यातच ब्रीजचा ताप उतरला. फेस्टीची बायको सांगायला आली, "आता कशाला जातेस? झालं की सगळं नीट."

समुद्र निवला तशी सोरखा एकटीच निघाली. विहिरीपाशी बूट काढले. प्रार्थना अर्धीमुर्धीच आठवत होती, तेवढीच पुन्हा पुन्हा म्हणत ती फिरली आणि प्रत्येक फेऱ्याला एक खडा कठड्यावर ठेवत गेली. खडे संपल्यावर ती खाली बसून हमसून हमसून रडली.

पुढे कित्येक वर्षं तिने होडी चालवली. वारा पश्चिमेकडून सुटला की मात्र, फेरे अर्धे राहिले तरी ती सगळ्यांना होडीत बसवी; कुणाचं ऐकत नसे, पाद्र्याचंही नाही.