कोंडीबाआबांचे ऐकणे

तमाशाच्या फडात सगळे गाव नाचणारणीकडे तोंड करून बसे आणि आमचे कोंडीबाआबा तिच्याकडे पाठ करून. बसायचे मात्र अगदी पुढे, ढोलकीवाल्याच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतके जवळ. उपरण्याने दोन्ही गुडघे बांधून घ्यायचे, डोळे मिटायचे, आणि मग सबंध गावाला त्यांचा तो मिटलेला चेहरा दिसत राही. परगावच्या माणसाला वाटे, म्हातारा इथे झोपायला आला आहे.

लासुर्ण्याची द्वारका पहिल्यांदा आमच्या वडगावच्या जत्रेत उभी राहिली, तेव्हा तिला हा अपमान वाटला. तिने हाताने ढोलकी थांबवली आणि म्हणाली, "का वो पाव्हणं, माजं त्वांड बघवंना व्हय?"

लोक हसले. आबांनी मान वळवली नाही. "बाई, त्वांड बघाय समदा गाव आलाय. गळ्याकडं बी कुणी तरी बघाय पायजे का न्हाय?"

द्वारका हसली नाही. पण त्यानंतर ती वडगावला आली की गाडीतून उतरता उतरता विचारायची, "आबा बसलं का?" ते बसल्याचे कळेपर्यंत ढोलकीवर थाप पडत नसे. लोक शिट्ट्या मारत, टोप्या उडवत. ती खुशाल पान चघळत बसून राही.

आबांचे रान आमच्या रानाला लागून होते, घरेही रानातच. कालव्याच्या आणि विहिरीच्या पाण्यावर ते वांगी, कांदा आणि थोडा ऊस करीत. माझे वडील मी लहान असतानाच गेले. त्या वर्षी आबांनी आधी आमचे रान नांगरले, मग स्वतःचे. बारामतीच्या बाजाराला जाणाऱ्या त्यांच्या गाडीत, वांग्यांच्या पाट्यांमध्ये बसूनच मी शाळा गाठली. वाटेत मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवी आणि ते मला "पुढारी" म्हणत. मी खरोखरच सभांतून बोलू लागल्यावरही त्यांनी ही हाक सोडली नाही. तेव्हा मात्र ती ऐकून मला राग येऊ लागला.

आबांना स्वतःला एक सूर लावता येत नसे. त्यांनी बैलांना गाण्यातली हाळी दिली तर बैल दचकून थांबत. पण आवडीनिवडी अशा पक्क्या, की एखाद्या गवयालाही नसतील. बारामतीच्या एका हॉटेलात फोनो होता. त्यावर नाटकातली पदे लागत. आबा समोरचा चहा निवेपर्यंत ऐकत आणि बाहेर पडल्यावर म्हणत, "गळा झ्याक हाय. पण तिला कुठं ठावं, कोन ऐकतंय? आंधारात वाढल्यावानी हाय त्ये. ताटात पडलं तर पडलं."

भजनाला ते जात नसत. टाळकऱ्यांनी बोलावले की म्हणत, "तितं समदीच गात्यात. ऐकाय एकला देव. त्येच्या न् तुमच्या मधी मी कशाला?" लग्नात मात्र ते मांडवामागे सनईवाल्यांपाशी जाऊन बसत आणि पंगती उठून जात. राधाकाकू, म्हणजे त्यांची मालकीण, उपाशी परतलेल्या नवऱ्याला वाढता वाढता म्हणायच्या, "पोट भरलं नसंल तर पिपाणी आणू का?"

त्यांचा खरा जीव होता बैठकीच्या लावणीवर. उडत्या चालीची, टाळ्या घेणारी लावणी त्यांना नको असे. संथ, एकेका ओळीला घोळवणारी हवी. ते म्हणत, "एकच वळ सात येळा म्हनायची आन् सातबी निराळ्या. आदी नांगरट, मग कुळवनी, मग पेरनी. रान त्येच." द्वारकेच्या एका लावणीत वाट पाहणाऱ्या बाईच्या तोंडी "अजून" हा शब्द होता. तो ती सात तऱ्हांनी म्हणे. आधी सहज, मग लटक्या रागाने, मग खऱ्या. आबा म्हणत, "सहाव्या खेपेला बाई रडत न्हाय बग. आन् नेमकं तितंच मला रडू येतं." ते तिच्यावर कधी पैसे उधळत नसत. जाताना वांग्यांची एक पाटी तिच्या गाडीत ठेवत. राधाकाकू म्हणायच्या, "सवत दिसंल तर झिंज्या धरता येत्यात. ही नुसती गळ्यातली. हिला कुठं धरू?"

मी पुण्याहून शिकून आलो तो पत्रके घेऊन. माझे शिक्षण कॉलेजात झाले त्याहून अधिक पत्रकांवर झाले होते. पत्रकांतले जग सरळ होते. एका बाजूला देश, दुसऱ्या बाजूला दारू, विलायती कापड आणि तमाशा. सत्याग्रहाचे दिवस होते. आमच्या जत्रेआधी मीही एक पत्रक लिहून छापून आणले. त्याच्या शेवटच्या वाक्याचा मला फार अभिमान होता: "तमाशा व लावणी आम्ही पाहणार नाही, ऐकणार नाही, दारी उभी करणार नाही." तीन "नाही" एकामागून एक आले की सभेत टाळी पडते, हे मला तेव्हा कळले होते.

जत्रेला आठ दिवस असताना मारुतीच्या पारावर सभा भरली. मी ताटात बेलाचे पान आणि खंडोबाचा भंडारा ठेवला होता. बेल-भंडारा हातात घेऊन केलेली शपथ आमच्या भागात मरेपर्यंतची असते. माझा स्वतःचा असल्या शपथांवर विश्वास नव्हता. पण गाव कागदावरची सही विसरते आणि हातातला भंडारा विसरत नाही, हे मला ठाऊक होते. म्हणून न मानणाऱ्या मी तो मानणाऱ्यांपुढे ठेवला.

तासभर बोललो. कोणी हलले नाही. मागून कोणी तरी ओरडले, "पुढारी, आदी तुमी उचला की!"

"मी तर पहिलाच उचलला आहे."

"तुमचं काय गेलं? तुमास्नी ताल कुठं कळतोय?"

सगळा पार हसला. मी ताट पुढे धरून तसाच उभा होतो. तेवढ्यात आबा उठले. मला वाटले, हाताला धरून खाली उतरवणार. त्यांनी ताटातले पान घेतले, मूठभर भंडारा घेतला आणि म्हणाले, "म्हन, काय म्हनायचं त्ये."

मी म्हटले. त्यांनी तिन्ही "नाही" माझ्यामागून सावकाश म्हटले. मग आणखी सात-आठ जण पुढे झाले.

त्या दिवशी मी समजलो की माझ्या भाषणाने माणूस बदलला. राधाकाकूंनी पुष्कळ दिवसांनी मला खरे काय ते सांगितले. त्यांनी घरी विचारले होते, "कशापायी उचललात वो?" तर आबा म्हणाले होते, "प्वार एकलं उभं हुतं गं."

जत्रेच्या दिवशी शपथ घेतलेले ते सात-आठ जण फडात पुढच्या रांगेला होते. आबा मात्र सकाळीच बैल घेऊन कालव्यापलीकडच्या रानात निघून गेले. द्वारकेने गाडीतून उतरताना नेहमीप्रमाणे विचारले. मी छाती काढून पुढे झालो, सगळे सांगितले आणि पत्रक तिच्या हातात दिले. तिला वाचता येत नव्हते. तिने ते उलटसुलट पाहिले आणि परत दिले.

"मग आता मी कुणाला गाऊ, त्येबी लिवलंय का ह्यात?"

मी उत्तराऐवजी तिला व्याख्यान दिले.

पुढे मला शिक्षा झाली. तुरुंगात आमच्या बराकीत तमाशातला एक ढोलकीवाला होता, जंगल सत्याग्रहात पकडलेला. मी त्याला एकदा माझे पत्रक तोंडपाठ म्हणून दाखवले. तो शांतपणे म्हणाला, "दादा, माजी भन नाचती तवा घरात सात ताटं वाढत्यात. तुमच्या सभंत टाळी पडली, त्यातली किती ताटं तुमी वाढली?" मी त्याच्याशी चार महिने भांडलो आणि चार महिन्यांनी हरलो. ज्यांना गावाबाहेर ठेवायचे, त्यांच्याच कलेवर रात्री काढायच्या आणि सकाळी त्यांनाच नीतीचे पत्रक द्यायचे, हा लबाडपणा मी देशाच्या नावाने केला होता. मला याची लाज वाटली, आणि आजही वाटते.

सुटून आलो तो तमाशाच्या बाजूचे नवे पत्रक लिहूनच. आबांच्या वांग्यांच्या वाफ्यात उभा राहून मी ते त्यांना वाचून दाखवले. ते खुरपत राहिले.

"ब्येस लिवलंयस."

"मग या साली चला जत्रेला. शपथ मीच घातली होती, मीच सोडवतो."

"तू कोन?" आबांनी वर पाहिले. "तू नुसतं ताट धरलं हुतंस."

"आबा, माझे चुकले होते. ते पत्रकच चुकीचे होते."

"पत्रक तुजं, हात माजा. पत्रक फाडता येतं."

"खंडोबा असले काही मनात धरून बसत नाही."

"त्यो न्हायच धरत. मी धरतो. एकदा तुज्यासाटनं उचलला, आता तुज्यासाटनं टाकला, मंग त्यात माजं काय ऱ्हायलं?" आणि पुन्हा खुरपे चालू.

मी तीन वर्षे वाद घातला. मी सभा जिंकत होतो, वर्तमानपत्रांत उत्तरांना प्रत्युत्तरे देत होतो, आणि एका वांगी पिकवणाऱ्या माणसापुढे दर चैत्रात जत्रेआधी हरत होतो. चैत्रात त्यांचा चेहरा उतरे. जेवण कमी होई. हॉटेलातला फोनोही त्यांनी सोडला होता. त्याची शपथ नव्हती, पण म्हणत, "भुकेल्या मानसानं वास घेऊ नये."

मग लासुर्ण्याहून कळले की द्वारकेला छातीचा विकार झाला, फड मोडला. आणि एके दिवशी दुपारी तीच गाडीतून माझ्या दारात उतरली. बरोबर फक्त ढोलकीवाला. आई त्याआधीच गेली होती, घरात मी एकटा होतो. द्वारका इतकी वाळली होती की मी आवाजावरून तिला ओळखले.

"आबांस्नी एकदा ऐकवायचं हाय," ती म्हणाली. "मंग झालं."

मी बांधावरून धावत गेलो. म्हटले, "आबा, नाच नाही, फड नाही, पैसा नाही. आजारी बाई तुमच्या दारात बसून दोन ओळी म्हणेल. हा तमाशा नव्हे."

आबा मनाशी शपथ म्हणून पाहत होते. ओठ हलत होते. मग म्हणाले, "पत्रकात तिसरं काय हुतं रं?"

दारी उभी करणार नाही. टाळीसाठी घातलेला तिसरा "नाही". मी तो घातला नसता तरी शपथ पुरी झाली असती.

"तिला उपाशी धाडू नगंस," एवढे ते म्हणाले. राधाकाकूंनी भाकरी आणि भरली वांगी फडक्यात बांधून माझ्या हाती दिली.

द्वारका थोडे जेवली. मग माझ्या अंगणात घोंगडीवर, आबांच्या रानाकडे तोंड करून बसली. तिने पहिला सूर लावला आणि पलीकडे आबांची मोट सुरू झाली. मोटेचे चाक करकरू लागले. पाण्याची पाळी परवाच होऊन गेली होती. वाफ्यांना पाणी नको होते. पण मोट रिती होत होती, पुन्हा विहिरीत उतरत होती, आणि आबा बैलांमागे धावेच्या उतारावरून खाली वर करीत होते. पाणी वांग्यांतून बाहेर पडून वाटेवर आले.

द्वारका क्षणभर थांबली. तिला समजले. "कान झाकायचं तर हातानं झाकावं की," ती म्हणाली, "बैलास्नी का तरास?" हसता हसता तिला ठसका लागला. तो ओसरल्यावर तिने ती लावणी पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटली. दिवस मावळायच्या आत गाडी निघून गेली. दीड महिन्याने ती गेल्याची बातमी आली.

आबांना जाऊनही आता दोन वर्षे झाली. तीन दिवसांच्या तापात गेले. त्यांच्याविषयी लिहायला बसलो की त्यांचे मरण मला आठवत नाही. द्वारकेची बातमी आली तो दिवस आठवतो. त्या दिवशी ते स्वतः बांध ओलांडून माझ्या अंगणात आले. बसा म्हटले तर बसले नाहीत.

"पुढारी, त्या दिशी तू ऐकलंस न्हवं?"

"ऐकले."

"मंग सांग."

"काय सांगू?"

"कशी म्हनली त्ये."

"छान म्हटली."

"छान तर बाजारात भेंडीलाबी म्हनत्यात. आवाज बसला हुता का?"

"थोडा."

"कुठं बसला हुता? वर का खाली? शेवटाला कशी आली? दम पुरला का मदीच तोडली?"

ते माझ्या तोंडाकडे पाहत होते. पाच वर्षांची भूक त्या डोळ्यांत होती. मला खोटे सांगता आले असते. मला वाक्ये सुचतात. पण त्यांच्यापुढे जीभ वळेना. मी खरे ते सांगितले. द्वारका गात होती तेव्हा मी करकरणाऱ्या मोटेकडे पाहत होतो, आणि या प्रसंगावर जो लेख लिहायचा, त्याचे पहिले वाक्य मनात जुळवीत होतो. ते वाक्य मला जसेच्या तसे आठवत होते. तिचा एक सूर आठवत नव्हता.

आबा रागावले नाहीत.

"ढोलकीवाला त्येच्या ढोलकीत," ते म्हणाले. "तू तुज्या कागदात. मी मोटंवर. मंग त्या बाईचं ऐकलं कुणी?"