सुरूच्या दांड्याला धरून

बॅले शिकायला गेलेला मी आमच्या वाडीतला पहिला माणूस, आणि बहुधा शेवटचाही. हौस माझी नव्हती. माझी सात वर्षांची मुलगी मोबाईलवर बघून दिवसभर चवड्यांवर चालायची. मालवणात चर्चमागच्या हॉलमध्ये एका टीचरनी वर्ग सुरू केलाय हे कळल्यावर तिने माझं डोकं खाल्लं. टीचर गोव्यात हेच शिकवण्यात हयात घालवून आता माहेरच्या घरी राहायला आल्या होत्या.

अडचण एकच होती. बायको नर्सच्या नोकरीसाठी मुंबईला गेल्यापासून मुलगी माझा शर्ट सोडायला तयार नव्हती. शाळेच्या फाटकात रोज रडारड. बाई मला समजुतीच्या गोष्टी सांगायच्या, शेजारणी तिची दृष्ट काढायच्या, आणि मी वरवर हसत असलो तरी आतून घाबरलो होतो. आई लांब गेली म्हणून पोर कायमची भित्री होणार की काय, याचा मला घोर लागला होता. वर्गातही ती माझ्याशिवाय पाऊल टाकेना. मी म्हटलं, कोपऱ्यात खुर्चीवर बसतो. टीचरनी खुर्चीच उचलून बाहेर ठेवली.

"हंय बसान बघूचा नाय," त्या म्हणाल्या. "इलात तर उभे रवा."

पावसाळा होता, पर्यटकांना फिरवायची माझी होडी बंद, मला तरी दुसरं काय काम होतं? राहिलो उभा. भिंतीच्या कडेने सुरूचा लांब दांडा बसवला होता, तो एका हाताने धरायचा. पुढे इतर मुली, त्यांच्यामागे माझी मुलगी, आणि सगळ्यांत शेवटी हाफ पँट घातलेला मिशीवाला मी.

पहिला धडा नुसतं उभं राहण्याचा. टाचा जोडायच्या, चवडे बाहेर फिरवायचे, गुडघे ताठ. मी आयुष्यभर पाय फाकवून, गुडघे सैल सोडून उभा राहिलोय. होडीत टाचा जोडून उभा राहणारा माणूस पाण्यातच सापडायचा. टीचर येऊन माझ्या टाचा जुळवून जायच्या, आणि त्यांची पाठ वळली की पाय पुन्हा आपोआप फाकायचे. गुडघे वाकवायची वेळ आली, त्याला त्या प्लिए म्हणतात, तेव्हा मात्र मी सगळ्यांपेक्षा खाली गेलो आणि मिशीत हसलो. त्यावर त्यांनी सांगितलं की हे वाकणं नाही, मी चक्क बसतोय, आणि माझं बूड मागे जातंय. हसू मिशीतच राहिलं.

मग एका पायावर तोल. नजर समोर एका ठिकाणी रोवायची, असं टीचर म्हणाल्या. मी सवयीने खिडकीतून खाडीत नांगरलेली एक होडी धरली. पाण्याला भरती होती. होडी डावीकडे झुलली की मीही डावीकडे, उजवीकडे गेली की मीही उजवीकडे. पोरी खिदळायला लागल्या. माझी मुलगीसुद्धा हसली, कितीतरी दिवसांनी एवढ्या मोठ्याने. टीचरनी मला दुसऱ्या टोकाला नेऊन भिंतीतल्या एका खिळ्यासमोर उभं केलं.

"ह्यो खिळो हलाचो नाय," त्या म्हणाल्या.

बंदरावर दोस्तांना ही बातमी लागायचीच होती. मी दिसलो की ते चवड्यांवर चालून दाखवायचे. चालू दे म्हटलं. माझी जुनी कंबरदुखी थांबली होती, शिवाय मला ते आवडायलाही लागलं होतं. दोन्हींपैकी काहीच मी त्यांना सांगितलं नाही.

दसऱ्यानंतर पर्यटक यायला लागले आणि माझी ओढाताण सुरू झाली. अशाच एका संध्याकाळी दांड्याशी आमचा उजव्या पायाचा सराव झाला, आणि टीचरनी मुलींना दांडा सोडून हॉलच्या मधोमध यायला सांगितलं. हे आजवर झालं नव्हतं. मध्ये धरायला काहीच नसतं. बाकीच्या मुली गेल्या, माझी जागची हलेना. मी निघालो म्हणजे ती येईल, असं वाटून मी तिचा हात धरला. तिने तो सोडवला आणि माझा हात उचलून परत दांड्यावर ठेवला.

"बाबा, तू हंय रव. मी थंय जातंय."

गेली. हात पसरून एका पायावर उभी राहिली, डगमगली, पाय टेकला, पुन्हा उचलला. टीचर जवळ येऊन हळूच म्हणाल्या की आता मी सुटलो, खुशाल धंद्याला जावं. तारकर्लीला गिऱ्हाईक थांबलेलंच होतं. दारात जाऊन मी चपला घातल्या, आणि पुन्हा काढल्या. उजव्या पायाने केलेलं सगळं डाव्यानेही करावं लागतं.

"माझो डावो पाय रवलो आसा," मी टीचरना म्हटलं, आणि दांडा धरला. मुलीने एकदाही माझ्याकडे वळून बघितलं नाही, आणि मला फार बरं वाटलं.