भावजयीची शिकवणी

जळते मी. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणी माझ्यात उगाच मोठं मन शोधत बसायला नको.

धाकट्या भावाचं लग्न झालं आणि ग्वाल्हेरची मराठी मुलगी पिपलानीतल्या, म्हणजे कारखान्याच्या टाउनशिपमधल्या, क्वार्टरमध्ये आली. वडील कारखान्यातून रिटायर झाले, पुढे वारले, भाऊ तिथेच इंजिनिअर म्हणून लागला, त्याला क्वार्टर मिळालं आणि आई त्याच्याकडे राहिली. मी लग्न होऊन सोनागिरीत, स्कूटीने जवळच. आम्ही लहानपणी हिंदी मिसळून मराठी बोललो की आई तिथल्या तिथे दुरुस्त करायची, शेजाऱ्यांसमोरसुद्धा. पुण्याची ना ती! भावजय तसंच बोलली की मात्र म्हणायची, "किती गोड बोलते गं ही!" माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

तेही चाललं असतं एक वेळ. पण माझं काम तिला माझ्यापेक्षा चांगलं येत होतं, त्याचं काय करायचं?

मी आरोग्य संशोधनाच्या एका संस्थेत आकडे बघते. सरासरी काढायची, दोन गटांतला फरक तपासायचा, तक्ता द्यायचा, एवढ्यावर माझी सगळी नोकरी निभावली होती. मग आमच्या टाउनशिपच्या दवाखान्यांतल्या रक्तातल्या साखरेच्या तपासण्यांचं काम आलं. सर म्हणाले, हे बेझियन हायरार्किकल मॉडेलने करायचं; तुम्हाला जमत असेल तर तुमचं, नाहीतर दिल्लीहून माणूस बोलावतो. माझ्या माणसांचे आकडे आणि दिल्लीचा माणूस? "जमेल सर," मी म्हणून बसले. जमत काही नव्हतं.

भावजयीने ग्वाल्हेरला याच विषयात पीएच.डी. सुरू केली होती. लग्न झालं आणि ती राहून गेली. त्यामुळे दर रविवारी मी तिच्या स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडून बसायचे आणि ती कणीक मळता मळता शिकवायची.

"ताई, एकदम सिंपल आहे," ती सुरुवात करायची. सिंपल म्हणे! "प्रत्येक दवाखान्याची सरासरी अलग काढली, तर जिथे पेशंट थोडे तिथला आकडा उगाच वरखाली उडतो. सगळे एकत्र केले, तर फरकच पुसला जातो. म्हणून मधला रस्ता. दवाखाने वेगळे, पण टाउनशिप एक. ज्याच्याकडे माहिती कमी, तो बाकीच्यांकडून थोडी उसनी घेतो."

"आणि आकडे बघायच्या आधीच आपला अंदाज मांडून ठेवायचा?" मी म्हणाले. "आमच्या वेळी याला पूर्वग्रह म्हणायचे."

"मनात तो असतोच ना, ताई. इथे तो कागदावर सांगावा लागतो. मग आकडे त्याला हलवतात."

आई आतून म्हणाली, "बघ, किती सोपं करून सांगते!" मला लॅपटॉप मिटून निघून जावंसं वाटलं. गेले नाही, कारण दिल्लीचा माणूस डोळ्यांसमोर होता. हळूहळू कळायला लागलं. कळायला लागलं तशी जास्तच जळायला लागले, कारण ती किती पुढे आहे तेही कळायला लागलं.

सरांना दाखवायचा दिवस जवळ आला आणि मॉडेल एका जागी अडलं. कारखान्यात काम करणाऱ्यांची उपाशीपोटीची साखर छान, त्यांच्या बायकांची वाईट. घर एक, स्वयंपाक एक, आणि प्रत्येक दवाखान्यात हेच. भावजयीने घरांची आणखी एक पायरी मॉडेलमध्ये घातली, वय घातलं, कामाचा प्रकार घातला. फरक हलेना.

"पुरुष सायकलीने कारखान्यात जात असतील," ती म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं आणि मला हसूच फुटलं. अगं बाई, या पुरुषांच्या तपासण्या कारखान्यातल्या दरवर्षीच्या मेडिकलच्या होत्या! मेडिकल जवळ आलं की अख्खी पिपलानी कारल्याचा रस पिते. आमचे वडील एरवी कोपऱ्यावरच्या दुकानातही स्कूटरने जायचे, पण मेडिकलच्या आधी पहाटे मैदानाला फेऱ्या मारायचे, चहा बिनसाखरेचा घ्यायचे आणि रिपोर्ट चांगला आला की त्याच संध्याकाळी जिलब्या आणायचे. बायकांना कुठलं आलंय मेडिकल? त्या चक्कर आल्यावरच दवाखान्यात जायच्या.

"हे तुला ग्वाल्हेरला कोण सांगणार?" मी म्हणाले. काय बरं वाटलं म्हणून सांगू!

सरांपुढे मी तेच मांडलं. मेडिकलच्या तपासण्या आणि आपण होऊन आलेल्यांच्या तपासण्या वेगळ्या धरायला हव्यात, म्हटलं. सर खूश झाले, काम माझ्याकडे राहिलं. मग म्हणाले, "आता हे मॉडेलमध्ये नीट बसवा. एक जागा मंजूर आहे. यातलं खरोखर येणारं कुणी असेल तर सांगा." मी म्हणाले, "बघते."

रविवारी पेढे घेऊन गेले. आईने पहिला पेढा उचलला आणि भावजयीच्या तोंडात घातला. "हिने शिकवलं म्हणून झालं हो!" कारल्याचं आईला सांगितलं, तर म्हणाली, "ते तर कुणालाही माहीत असतं."

मी उठून आत गेले. मागोमाग भावजय आली, ओट्याकडे तोंड करून कणीक मळू लागली.

"ताई, राग नका मानू. मला तुमचा खूप हेवा वाटतो. तुम्ही लॅपटॉप मिटून जाता ना, तेव्हा मी पुन्हा भाजी चिरायला घेते. सोमवारी तुमच्याजवळ ऑफिस असतं. मला वाटतं, हे काम माझं आहे, ही बाई माझं काम घेऊन चालली."

खोटं कशाला बोलू, आधी मला आनंदच झाला. आई जिला डोक्यावर घेऊन नाचते, ती माझ्यावर जळते! दोन घटका तरी तो आनंद पुरायला हवा होता. पण तिचा आवाज फाटला होता. आणि कारलं मॉडेलमध्ये कसं बसवायचं, ते मला येत नव्हतं, तिला येत होतं. तिच्याशिवाय काम बिघडणार होतं आणि ती आली की ते माझं राहणार नव्हतं.

"ऑफिसात एक जागा आहे," मी म्हणाले. "उद्या माझ्याबरोबर चल."

तिने मला घट्ट मिठी मारली, हाताचं पीठ माझ्या ब्लाउजला लागलं. आई दारात येऊन बघत होती. तिने सुनेला जवळ घेतलं, म्हणाली, "मला माहीतच होतं, तुला कुणीतरी ओळखणार."

मी स्कूटी काढली. सोनागिरीच्या वळणाआधी ती बाजूला लावली आणि रडले. आनंदाने वगैरे नाही.