समुद्र न पाहिलेले फिल्टरकाका

“समुद्रासाठी एखादा चांगला फिल्टर द्या,” असं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाकडे फिल्टरकाका असं बघायचे, जणू त्यानं किराण्याच्या दुकानात जाऊन “एखादं चांगलं धान्य द्या” म्हटलंय. मग उलटतपासणी सुरू व्हायची. “समुद्र सकाळचा का संध्याकाळचा? वाळूचा का खडकाचा? सूर्य तोंडावर का पाठीवर? नाय माहीत? मग कॅमेरा कशाला नेता, चिवडा न्या.” नाशकात रविवार कारंज्याजवळच्या एका कॅमेऱ्याच्या दुकानात ते नोकरीला होते. गल्ल्यावर मालक बसायचे, पण धाक काकांचा. नव्वदच्या दशकात कोकणात निघालेला आमच्यातला प्रत्येक हौशी फोटोग्राफर आधी काकांची बोलणी खायचा आणि मग एसटीत बसायचा.

भर दुपारच्या फोटोत सूर्यास्त करून देणारा नारिंगी फिल्टर तेव्हा फार खपायचा. काका तो मेलेलं झुरळ उचलावं तसा चिमटीत धरून काउंटरवर ठेवायचे. “घ्या. करा समुद्राला कावीळ.” दिव्यांभोवती चांदण्या पाडणारी काच कुणी मागितली, तर “ती मांडवात लावा, नवरीच्या नथीला,” हे ठरलेलं. वर काळसर आणि खाली साधी अशी एक काच असायची, तिच्याबद्दल मात्र ते मायेनं बोलायचे. “आभाळाला गॉगल लागतो, पाण्याला नाय. येवढंच हाय ते.” पुढे मी याच विषयावरची जाडजूड पुस्तकं वाचली. त्यांत याहून जास्त काही निघालं नाही, फक्त पानं जास्त होती.

गंमत अशी की या माणसानं समुद्र पाहिलेलाच नव्हता. काका नाशकाजवळच्या मखमलाबादच्या, फूलशेती करणाऱ्या घरातले. पहाटे भावांबरोबर झेंडू तोडायचा, टोपल्या बाजारात पोचवायच्या आणि दहाला दुकानात हजर व्हायचं. दसरा, दिवाळी, लग्नसराई, म्हणजे जग जेव्हा समुद्रावर जातं, तेव्हा यांना श्वास घ्यायला फुरसत नसायची. “लोकांची सुट्टी म्हंजे आमचा फुलांचा तोडा,” असं ते म्हणायचे. त्यांची सगळी विद्या गंगापूर धरणाच्या काठावरची. दुकान बंद असेल त्या दिवशी लुनावर बसून तिथं जायचं आणि एकेक काच पाण्यासमोर धरून तासन्‌तास बघायचं. कधीकधी मीही बरोबर असायचो. तिथंच एकदा, माझ्याकडे न बघता, ते म्हणाले, “समुद्र काय मी अजून पाह्यला नाय. दुकानात बोलू नको.” मला हसू आलं. पण मी कुठं बोललो नाही, निदान काही वर्षं तरी.

मग मला पहिलं मोठं काम मिळालं. देवळ्याकडच्या एका खतविक्रेत्याला कॅलेंडर छापायचं होतं, सहा पानांचं, सहाही पानांवर समुद्र. शेतकऱ्याला शेत काय दाखवायचं, असा त्याचा बिनतोड सवाल होता. मी काकांकडे गेलो. त्यांनी पोलरायझर काढून दिला. ही फिरती काच पाण्यावरची चकाकी कमीजास्त करते. काच हातात देताना काका बरंच काही सांगत होते आणि मी मान डोलावत होतो. मान डोलावायला ऐकावं लागतंच असं नाही. माझं सगळं लक्ष कॅलेंडरवर माझं नाव केवढ्या टायपात येईल, यात होतं.

गणपतीपुळ्याला चार दिवस मी ती काच लेन्सवरून काढली नाही. एवढी भारी वस्तू घेतली आहे तर ती खिशात का ठेवायची, हा आपला अस्सल मध्यमवर्गीय हिशोब. स्लाइड धुऊन आल्या. खतविक्रेत्यानं एक स्लाइड उजेडाकडे धरली, दुसरी धरली आणि अगदी सरळ मनानं म्हणाला, “हे तं आपलं धरणच दिसू ऱ्हायलं, भाऊ. समुद्र कुठंय?” खरंच, पाणी मेलेलं होतं. ओल्या वाळूवर आभाळ उतरतं ते कुठंच नव्हतं. काम गेलं. कॅलेंडरवर शेवटी छापील गुलाबाची फुलं आली.

मी तडक दुकानात गेलो. दिवाळीआधीचा शनिवार होता, काउंटरवर ही गर्दी. काका कुणाला तरी झापत होते. मी सगळ्यांसमोर ओरडलो, “काका, तुम्ही जन्मात कधी समुद्र पाहिलाय का? धरणावर काचा फिरवून लोकांना समुद्र शिकवता!” काका हातातली काच मलमलीनं पुसत होते, ती त्यांनी पुसून पूर्ण केली. “नाय पाह्यला,” ते म्हणाले. कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच हसले. मीही हसलो, हे लिहायला आज लाज वाटते.

पुढच्या वर्षी वेळासला वाळूवर बसून मी सहज तो पोलरायझर काढला, आणि कॅमेऱ्यातून पाहिलं तर सगळा किनारा उजळला. तेव्हा कुठं काकांचे शब्द कानात उमटले. “ओल्या वाळूपुढं फिरवून बघ. चमक मेली तं काढून खिशात टाक.” धरणाच्या ओल्या गाळावर त्यांनी हे पाहून ठेवलं होतं. समुद्र न बघता त्यांना जे कळलं, ते मला चार दिवस समुद्रासमोर उभं राहून कळलं नव्हतं. त्यांचा कवडीचाही दोष नव्हता. गाढव मी होतो, आणि तेही ओरडून सांगणारं.

माफी मागायला गेलो तेव्हा काका औषधाच्या दुकानातल्यासारखे फिल्टर देत होते. मागेल ते, न बोलता. नारिंगी मागितला तर नारिंगी. त्या शनिवारपासून हे असंच चाललंय, असं मालक म्हणाले. मी काकांना म्हटलं, “चुकलं माझं. तुम्ही बरोबर सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही. चला, या दिवाळीत माझ्याबरोबर कोकणात.” ते शांतपणे म्हणाले, “तोडा हाय.”

तेवढ्यात नवं लग्न झालेलं एक जोडपं आलं. मुलीनं विचारलं, “काका, समुद्रावर फोटो काढायला कुठला फिल्टर चांगला?” काकांनी खणातून फिल्टरचा डबा काढला आणि माझ्यासमोर सरकवला. मी कॉलेजात असल्यापासून मला ‘अरे, गाढवा’ म्हणणारा माणूस तिला म्हणाला, “यांना विचारा, ताई. यांनी समुद्र पाह्यलेला हाय.”

दोघं माझ्याकडे वळली. मला दुसरं काहीच येत नव्हतं. काकांनी मला सांगितलं होतं तेच मी काकांसमोर उभा राहून शब्दन्‌शब्द सांगू लागलो, आणि काका खाली मान घालून काच पुसत राहिले.