आत्याच्या दुकानातला वायरींचा गुंता

हसणार नसाल तर सांगतो. बरं, हसा हवं तर, पण चहा सांडू नका!

शहापूरच्या आमच्या कॉलेजात डिप्लोमाला प्रोजेक्ट होता: समाजाची एखादी अडचण सोडवणारी साधी वस्तू बनवा. आता समाज कुठे शोधायचा? मी गटाचा लीडर. म्हटलं, मुरबाडकडच्या वाडीत माझी आत्या आहे, तिच्या किराणा दुकानात समाजच समाज! वाडीला वीज देणारा डीपी जळाला होता आणि सोलर एकट्या आत्याच्या छपरावर. त्यामुळे अख्ख्या वाडीचे चार्जर तिच्या बोर्डाला लोंबकळत होते. असा गुंता, की बघून माझे डोळे भरून आले! याहून सुंदर अडचण कुठे मिळणार?

आम्ही बांबूला खाचा पाडून स्टँड केला. त्याला इंग्रजी नाव ठेवलं, कारण त्याशिवाय मार्क कोण देतो? सर दुसऱ्या दिवशी वाडीत येऊन बघणार होते. पसंत पडला तर जिल्ह्याच्या प्रदर्शनात, नाहीतर सगळं पहिल्यापासून.

संध्याकाळी मी एकेक वायर सोडवून, गुंडाळून खाचेत बसवली. प्रत्येक वायरीला कसली ना कसली चिंधी बांधलेली! लाल, हिरवी, कुणाच्या आजीच्या लुगड्याची किनार! फोटोत कसं दिसेल? सगळ्या कापल्या आणि चुलीत टाकल्या. मग काय रूप आलं म्हणून सांगू! पांढरेशुभ्र चार्जर, सगळे एकसारखे, ओळीत.

सकाळी सर आले आणि त्यांच्यामागोमाग वाडी.

"माजा चार्जर कोनता रे?" शेजारच्या बाळूकाकांनी विचारलं.

"कोणताही घ्या काका, सगळे सारखेच आहेत!"

"सारके कसं? माज्याला हिरवी चिंदी व्हती!"

"माज्याला लाल व्हती! अन् माजा फास्ट हाय!" मागून एक काकू ओरडल्या.

झालं! बघता बघता वाडीतल्या प्रत्येकाचा चार्जर फास्ट झाला. दोन काकू एकच वायर दोन्हीकडून ओढायला लागल्या. सर शांतपणे म्हणाले, "हा वापरणाऱ्यांचा प्रतिसाद समजायचा का?"

"चिंद्या कुठं गेल्या रं?" आत्याने विचारलं. मी चुलीकडे बघितलं आणि तिने कपाळाला हात लावला.

आता इज्जत वाचवायची तर काहीतरी भारी करायला नको? मी अंगातला नवाकोरा आकाशी शर्ट काढला आणि सरांसमोर टराटरा फाडला! "ज्याने जो धरलाय तो त्याचा! मी पुन्हा चिंध्या बांधून देतो, परत घोळ होणार नाही!"

ज्याने त्याने हाताला लागेल तो धरला. मी गाठी मारल्या, चार्जर पुन्हा खाचांत बसवले आणि बनियनवर छाती काढून उभा राहिलो. "बघा सर, लोकांचं ऐकून डिझाइन सुधारलं!"

सरांनी स्टँड नीट न्याहाळला. "छान. आता यातला काकांचा कोणता?"

माझ्याआधी बाळूकाकांनीच हात पुढे केला. "सोप्पं हाय की! आकाशी चिंदीवाला."

"आकाशी तर माजी!" दोन्ही काकू एकदम म्हणाल्या.

सर गाडीत बसले. मी बनियनवरच नवा बांबू कापायला घेतला.