जित्त्या माणसाचा पंचनामा

माझा आवाज पहिल्यापासून मोठा. माहेरी त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं, पण सासरी आल्याबरोबर सासऱ्यांनी सासूकरवी बजावलं, सुनेचा आवाज उंबऱ्याबाहेर जाता कामा नये. सासरे गावचे पोलीस पाटील. मान मोठा, रान मात्र कोरडवाहू, म्हणून आम्ही नवराबायको दरसाल ऊसतोडीला जायचो. तिथं फडात मी पोटभर ओरडून घ्यायचे. घरी आले की पदर पुढं आणि तोंड बंद.

त्या साली दसरा झाला होता, तोडीला निघायचं बाकी होतं. आम्ही काही बायका सीताफळं आणायला डोंगरात गेलो, बोरी गावच्या बाजारात विकायला. पाट्या भरत आल्या आणि डोक्यावरून काहीतरी गेलं. कानठळ्याच बसल्या. फौजी विमान, मागं काळा धूर, डोंगराच्या वरच्या धारेवर जाऊन आदळलं. अगं माय! पायाखालचा डोंगर हादरला. पाट्या तिथंच टाकून आम्ही पळालो, आणि खाली नाही, वर पळालो. आजही मला त्याचा गर्व आहे. का नसावा?

विमानाचे तुकडे लांबवर विखुरलेले, गवत पेटलेलं. पायलट मात्र हवाई छत्रीसकट अलीकडच्या उतारावर पडला होता. कोवळा पोरगा, तोंडावर रक्त, एक पाय वाकडातिकडा. हाक मारली तर ओ देईना. मी नाकाशी बोट धरलं, बोटाला श्वास लागला.

तेवढ्यात गाव वर आलं, पुढं सासरे. त्यांनी दोन्ही हात पसरून सगळ्यांना अडवलं.

"कुणी हात लावायचा न्हाई. पंचनामा व्हायचाय."

हसू नका. आमच्याकडं ही भीती खरी होती. विहिरीत पडलेल्या माणसाला जो पहिला हात लावील, तो पुढं साक्षीला कोर्टाच्या चकरा मारील. म्हणून लोक लांब बसून पोलिसांची वाट बघायचे. तसेच इथंही बसले, विड्याबिड्या पेटवून. आणि ठाण्यातले पोलीस तर विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदोबस्ताला परभणीला गेलेले. येणार कोण, कपाळ?

"जित्ता हाय तो," मी सासूच्या कानात सांगितलं. सासूनं सासऱ्यांना सांगितलं.

"असंल," सासरे म्हणाले. "पण सरकारी माणूस हाय. आपल्या हातात मेला तर सगळं गाव बांधून नेतील."

इतक्यात त्या पोराचे ओठ हलले. "पानी," म्हणाला. मग माझं डोकंच फिरलं.

"मामा!" मी ओरडले. "पंचनामा मेल्याचा करतेत! ह्यो जित्ता हाय, पाणी मागायलाय! तुमचं लेकरू असतं तर असंच बसला असता का?"

सासूनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. नवरा जमीन न्याहाळायला लागला, भलताच कामाचा माणूस! सासरे माझ्याकडं बघत राहिले. मला वाटलं, झालं, आता माहेरची वाट. पण त्यांनी डोक्यावरचा पटका सोडला. कलेक्टरसमोरही न उतरलेला पटका.

"ह्यानं पाय बांधा," म्हणाले. "आन् त्या छत्रीची झोळी करा."

मी पोराच्या ओठांवर पाण्याचे थेंब सोडले. पाय बांधला, झोळी झाली. गडी उचलायला गेले आणि मुरमावर घसरायला लागले. मग आम्ही बायका पुढं झालो. डोकीवर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकात चढणाऱ्या बायका आम्ही, उताराला काय भिणार? फडात चालतं तसं मी हाळी देत गेले, "टाका पाय... थांबा... टाका पाय," आणि माझ्या तालावर झोळी खाली उतरली. कुणाचा पाय चुकला नाही. सडकेवर जिंतूरची एसटी अडवली. माणसं न सांगता उतरली, सीट रिकाम्या केल्या. पोरगा जिवंत दवाखान्यात पोचला. आम्ही पोचवला!

सासरे मात्र त्यावर एक शब्द बोलले नाहीत. तोडीला जातानाही नाही, परत आल्यावरही नाही. मला ते लागत होतं.

उन्हाळ्यात एक जीप दारात थांबली. तोच पोरगा उतरला, हातात काठी, पण दोन्ही पायांवर उभा. आतल्या खोलीत माझ्या डोळ्यांना धार लागली. ओसरीवर गाव जमलं. तो सासऱ्यांना म्हणाला, "मुझे और कुछ याद नहीं. बस एक औरत की आवाज़ याद है. बहुत ग़ुस्से में थी. लगा, मर गया तो और डाँटेगी."

सगळे सासऱ्यांकडं बघायला लागले.

"वो हमारी बहू है," सासरे म्हणाले. मग दाराकडं तोंड करून त्यांनी मला हाक मारली. "ये पोरी, भाईर ये. आन् मोठ्यानं बोल. त्यांला आवाज वळखू दे."

मी उंबरा ओलांडला.

"पाय कसा हाय, दादा?" मी विचारलं. पार वेशीपर्यंत ऐकू गेलं म्हणतात.