तुकोजीच्या बोटीचं नाक

तुकोजीनं एकतीस वर्षं तंजावूरच्या टाऊन बसमध्ये तिकिटं फाडली, आणि त्या एकतीस वर्षांत एकाही माणसाचा शब्द खरा मानला नाही. रिटायर झाला, बायकोच्या भावाबरोबर भागीदारीत मल्लिपट्टिणमच्या किनाऱ्यावर मासेमारीची फायबरची बोट घेतली, तरी खोड जाईल तर शपथ!

बोट नवी, मागं टांगलेलं इंजिनही नवं. पण वेग घ्यायची वेळ आली की नाक आभाळाकडं आणि बूड पाण्यात. बाकीच्या बोटी पाण्यावर उचलल्या जाऊन सरसर किनारा गाठायच्या. यांची मासळी पोचेपर्यंत लिलाव आटोपलेला. मेहुणा चिदंबर काटकुळा, पण दर्याचा जाणता. तो शेवटी म्हणाला, "भावोजी, शुक्रवारपर्यंत बोट उचलली नाही तर मी दुसऱ्या बोटीवर जातो."

एकट्यानं समुद्रात जायची तुकोजीची काय बिशाद! म्हणजे पुन्हा घरात बसून माशा मारायच्या.

पहिला संशय मेकॅनिक वरुणरावावर. सर्व्हिसला दिलेल्या इंजिनाचा पाण्यातला पंखा यानंच बदलला असणार! पण तुकोजीनं आधीच खिळ्यानं केलेली खूण पंख्यावर तशीच होती. मग पेट्रोलात रॉकेल घातलं म्हणून पंपवाल्याशी भांडला. मग चिदंबरावर घसरला: याला कुणी फितवलं असेल, हा मुद्दामच मला हळू चालवायला लावतो. अहो, सुतावरून स्वर्ग गाठायचा म्हणजे किती!

गुरुवारी वरुणराव स्वतःच आला, बोटीत चढला आणि त्यानं कपाळावर हात मारला. पेट्रोलचे कॅन मागं, बर्फाची पेटी मागं, नांगरही मागं; आणि या सगळ्याच्या मधोमध बोट वळवायचा इंजिनाचा दांडा धरून नव्वद किलोंचे तुकोजी.

"हे सगळं इथं कशाला?"

"हाताशी असावं," तुकोजी पुटपुटला. मेहुणा पेट्रोल काढेल, चांगली मासळी लपवेल, हे त्याच्या तोंडावर कसं सांगणार? पण चिदंबराला कळायचं ते कळलं.

सामान पुढं हलवलं. बोट पाण्यात काढली. नाक थोडं उतरलं, पण बोट काही उचलेना.

"आता एकच ओझं राहिलं," वरुणराव म्हणाला. "तुम्ही पुढं बसा. दांडा चिदंबराच्या हाती द्या."

"अय्यो! अर्धी बोट माझी आहे."

"मग बसा बूड भिजवत!"

तुकोजी धुसफुसत पुढं गेला आणि जन्मात पहिल्यांदा कुणाकडं तरी पाठ करून बसला. चिदंबरानं वेगासाठी दांड्याची मूठ पिळली. नाक हळूहळू खाली आलं, बोट पाण्यावर उचलली गेली आणि सुसाट सुटली. तुकोजीला असा आनंद झाला की तो ओरडलाच.

"आता नाही ना जायचास?" त्यानं पुढं बघतच विचारलं.

"दांडा माझ्या हाती किती दिवस ठेवता ते बघतो," मागून चिदंबर म्हणाला. "मग सांगतो."

सख्ख्या मेहुण्याचा आपल्यावर विश्वास नाही! तुकोजीला हे फार झोंबलं. उठून मागं जावं आणि याला चार शब्द सुनावावेत असं त्याला वाटलं. पण तो मागं गेला की बोट पुन्हा बसणार होती. दातओठ खात तो पुढंच बसून राहिला.